चारचौघांसारखं

ब्राउझरमध्ये इनकॉग्निटो खिडकी उघडली की पडदा काळवंडतो, टोपी-चष्मा घातलेली एक आकृती दिसते आणि आपण गुप्तहेर झालो असं उगाचच वाटायला लागतं. ते चित्र ज्याने कुणी निवडलं, त्याला मानलं पाहिजे. कारण ती खिडकी करते ते एवढंच: बंद झाल्यावर तुमच्या यंत्रावरचा इतिहास आणि कुकीज, म्हणजे संकेतस्थळांनी ठेवलेल्या छोट्या चिठ्ठ्या, पुसून टाकते. तोच संगणक वापरणाऱ्या दुसऱ्या माणसापासून लपायचं असेल तर ती उपयोगाची, आणि तेवढ्यापुरती उत्तम. पण इंटरनेटची जोडणी पुरवणारी कंपनी, कार्यालयाचं नेटवर्क सांभाळणारा अ‍ॅडमिन आणि ज्या संकेतस्थळावर तुम्ही गेलात ते संकेतस्थळ, यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यांवर ती पट्टी बांधत नाही. सफारीने ही सोय 2005 मध्ये आणली, क्रोमने 2008 मध्ये. तरी गैरसमज काही हटला नाही. अमेरिकेत 2020 मध्ये याच मुद्द्यावरून गूगलवर खटला भरला गेला आणि 2024 मध्ये तडजोड होताना कंपनीने इनकॉग्निटोमधल्या वावराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. म्हणजे नष्ट करायला त्या होत्या तर!

इंटरनेटवरच्या खासगीपणाबद्दलचे सल्ले वाचताना मला एक गोष्ट कायम खटकते. हे वापरा, ते बंद करा, अमुक काढून टाका अशी फर्मानं सुटतात. पण लपायचंय नक्की कुणापासून, हे कुणी विचारत नाही. जाहिरातवाल्यापासून, नोकरीतल्या साहेबापासून, पाळत ठेवणाऱ्या माजी जोडीदारापासून, की सरकारपासून? या चौघांच्या हातातली साधनं वेगळी, ताकद वेगळी आणि तुमच्यातला रसही वेगळा. जाहिरातवाल्याला तुमचं नाव नकोच असतं. काल आलेला तोच आज पुन्हा आलाय, एवढं कळलं की त्याचं भागतं. माजी जोडीदाराला नाव, सवयी, कदाचित पासवर्डसुद्धा आधीच ठाऊक असतात. त्याला हवं असतं ते तुमचं आत्ताचं ठिकाण. एकासमोर टिकणारी ढाल दुसऱ्यासमोर कागदाची ठरते.

दुसरा घोळ खासगीपणा आणि निनावीपण यांचा. आपण दोन्ही शब्द एका दमात उच्चारतो, पण खासगीपणात तुम्ही कोण ते समोरच्याला माहीत असतं आणि तुम्ही काय करताय ते झाकलेलं असतं. निनावीपणात नेमकं उलट: काय चाललंय ते दिसतं, करणारा कोण ते कळत नाही. फेसबुकने 2014 मध्ये टॉर या निनावी जाळ्यात स्वतःचा वेगळा पत्ता सुरू केला तेव्हा पुष्कळांना हसू आलं. खऱ्या नावाने लॉगिन करायचं आणि वर निनावी जाळं कशाला? पण त्यात तर्क आहे. तुमच्या देशात फेसबुकवर बंदी असेल, किंवा तुम्ही कुठल्या गावातून लिहिताय हे कळणं जिवावर बेतणारं असेल, तर नाव उघड आणि ठिकाण झाकलेलं, ही मागणी अगदी शहाणपणाची ठरते.

खासगीपणाची बाजू गेल्या दहा-बारा वर्षांत बरीच सुधारली आहे, आणि तिचं श्रेय आपल्या सावधगिरीला नाही. पूर्वी बहुतेक संकेतस्थळं उघड्या पोस्टकार्डावर लिहीत. मजकूर वाटेतला कुणीही वाचू शकत असे. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेने 2015 पासून मजकूर झाकायला लागणारी प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली आणि वेब भराभर बंद पाकिटांकडे वळलं. आता मजकूर झाकला जातो, पत्ता मात्र पाकिटावर राहतो. संकेतस्थळाचं नाव आकड्यांच्या पत्त्यात बदलून देणारी डीएनएस यंत्रणा 1983 ची; तिच्या रचनाकारांच्या डोक्यात पाळतीचा विचार नव्हता, त्यामुळे तुम्ही कोणतं नाव विचारलं ते वाटेवर सर्वांना ऐकू जायचं. आजचे ब्राउझर तीच विचारणा सांकेतिक रूपात ज्या मानकाने करतात ते 2018 मध्ये आलं. फायरफॉक्स आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये ती सोय सापडते, चालू करायला दोन मिनिटं लागतात. जोडणी सुरू करताना संकेतस्थळाचं नाव एकदा उघड बोलावं लागतं, ती फट अजून पूर्ण बुजलेली नाही. त्यामुळे तुम्ही आरोग्याच्या संकेतस्थळावर गेलात हे कळतं, कोणत्या आजाराचं पान उघडलंत ते कळत नाही. पुष्कळदा पहिली गोष्टच पुरेशी असते.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे तुमची सगळी ये-जा आपल्या सर्व्हरमधून वळवणाऱ्या सेवेबद्दल, थोडक्यातच लिहितो, कारण त्याच्या जाहिराती करणाऱ्यांनी पुरेसं लिहून ठेवलंय. व्हीपीएन घेतल्याने पाळत संपत नाही, तिचा मालक बदलतो. जोडणी पुरवणाऱ्या कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. अनोळखी वायफायवर, किंवा जोडणी देणाऱ्यावर काडीचा विश्वास नसेल तेव्हा हा सौदा फायद्याचा. पण ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे वाक्य तुम्हाला तपासता येत नाही. 2020 मध्ये असंच सांगणाऱ्या काही फुकट व्हीपीएन सेवांच्या नोंदींचा ढीग एका उघड्या सर्व्हरवर संशोधकांना सापडला. ठेवत नव्हते, त्याच नोंदी.

हे सगळं झालं पत्त्याबद्दल. माझ्या मते खरी गंमत आणि खरी अडचण त्यापुढे आहे, ब्राउझरमध्ये.

कुकीची कुळकथा सुरू होते 1994 मध्ये. नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रामरपुढे प्रश्न होता की वेबला आठवण कशी द्यायची. तेव्हा प्रत्येक पान मागताना तुम्ही सर्व्हरसाठी नव्याने जन्माला येत होता. खरेदीच्या टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर गायब. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकायचा सोपा मार्ग होता. माँटुलीने तो मुद्दाम टाळला, कारण त्या क्रमांकाच्या आधारे माणसाचा माग सगळ्या संकेतस्थळांवरून काढता आला असता. म्हणून प्रत्येक संकेतस्थळाला आपापली वेगळी चिठ्ठी, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येणार नाही, असा नियम. नियम चांगला होता. पण पानावर जाहिरातीचं चित्र दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येत असेल तर ती कंपनीही आपली चिठ्ठी ठेवू शकते, आणि तीच कंपनी हजारो संकेतस्थळांवर असेल तर तिला हजार ठिकाणी तुम्ही भेटता. जो क्रमांक टाळला होता, तो मागच्या दाराने आला.

त्या दाराला कड्या लागायला पंचवीस वर्षं गेली. सफारीने 2020 मध्ये अशा तिऱ्हाईत कुकीज सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने 2022 पर्यंत प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीजना वेगवेगळ्या बरण्यांत कोंडलं. गूगलने 2020 च्या जानेवारीत क्रोममधून त्या काढण्याचं जाहीर केलं, मुदती पुढे पुढे ढकलल्या आणि 2024 मध्ये तो बेतच मागे घेतला. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने सर्वांत लोकप्रिय ब्राउझर बनवावा आणि त्यात खासगीपणाची अपेक्षा आपण धरावी, हा आशावाद मला कधी जमला नाही.

पण समजा, सगळ्या कुकीज पुसल्या. तरी ब्राउझर बोलतच असतो. पडद्याचा आकार किती, कोणत्या वेळेच्या पट्ट्यात आहात, कोणते फाँट बसवलेत, कोणती आवृत्ती, कोणता ग्राफिक्स चिप, कोणत्या भाषा कोणत्या क्रमाने हव्यात. यातलं काहीच गुपित नाही. बहुतेक माहिती पान नीट दिसावं म्हणूनच दिली जाते. एकेकट्याने पाहिलं तर निरुपद्रवी. सगळं एकत्र मांडलं की बोटाच्या ठशासारखा ठसा उमटतो, म्हणून त्याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. 2010 मध्ये डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी एक पान तयार करून लोकांना आपला ठसा तपासायला बोलावलं. 4,70,000 हून अधिक ब्राउझर आले आणि त्यांतल्या 83.6 टक्क्यांचा ठसा त्या सबंध संग्रहात एकमेव निघाला. फ्लॅश किंवा जावा ही तेव्हाची पूरक सॉफ्टवेअरं चालू असलेल्यांत हे प्रमाण 94.2 टक्के होतं. तिथे येणारे लोक जरा जास्तच जागरूक होते, मोजमाप सर्वसामान्यांचं म्हणता येणार नाही, हे खरं. पण एक गोष्ट त्यातून लख्ख दिसली: खासगीपणासाठी केलेली काही नेटकी कारागिरीच माणसाला उठून दिसायला लावत होती. स्वतःची ओळख सांगणारी ओळ काहींनी खोटी लिहून ठेवली होती. ती इतकी विचित्र की तसं लिहिणारे तेच एकटे.

‘डू नॉट ट्रॅक’ची कथा याहून मजेदार आहे. ‘कृपया माझा माग काढू नका’ असं ब्राउझरने प्रत्येक विनंतीसोबत सांगायचं, अशी सोय 2010-11 च्या सुमारास आली. ऐकण्याची सक्ती कुणावर नव्हती, त्यामुळे जवळजवळ कुणी ऐकलं नाही. मानक ठरवणारा गट 2019 मध्ये गुंडाळला गेला आणि फायरफॉक्सने 2025 मध्ये ते बटण काढून टाकलं. मधल्या काळात ती विनंती ठशातली आणखी एक रेघ होऊन बसली होती. माग काढू नका म्हणणारे थोडे, म्हणून त्यांचा माग काढणं थोडं अधिक सोपं.

हे इतकं सोपं का आहे, त्याचं गणित मला फार आवडतं. पृथ्वीवर आज साधारण 8 अब्ज माणसं आहेत. हो की नाही असं उत्तर येणारा आणि गर्दीचे बरोब्बर निम्मे भाग करणारा प्रश्न विचारला की 4 अब्ज उरतात, दुसऱ्याने 2 अब्ज. असे 33 प्रश्न विचारले की एकच माणूस उरतो, कारण 2 चा 33 वा घात 8,58,99,34,592 येतो. फक्त 33. स्त्री की पुरुष, यात एक प्रश्न खर्ची पडतो. वाढदिवसाची तारीख आणि महिना सांगितला की आठ-साडेआठ प्रश्नांची उत्तरं दिली. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी 2000 मध्ये दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली 87 टक्के माणसं एकमेव ठरण्याची शक्यता आहे. एकर्सलींच्या संग्रहात ब्राउझर सरासरी 18 प्रश्नांची उत्तरं आपण होऊन देत होता. आणि कुणी काही विचारलंही नव्हतं.

आता मराठी माणसाने इथे जरा थांबावं. भाषेची पसंती प्रत्येक विनंतीसोबत जाते, हे वर आलंच आहे. ब्राउझर मराठीत ठेवला, म्हणजे ‘मला पानं आधी मराठीत द्या’ असं तो दर ठिकाणी सांगत सुटतो. जगात मराठी बोलणारे 8 कोटींहून जास्त, पण ब्राउझरमध्ये मराठीला पहिला मान देणारे मूठभर. त्या एका पसंतीने तुम्ही अब्जावधींच्या गर्दीतून उठून छोट्याशा ओसरीवर येऊन बसता. त्यात वेगळा देवनागरी फाँट बसवलेला असेल तर ओसरीवरही कोपऱ्यात. टॉरचा ब्राउझर तुम्ही इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत वापरायला घेतलात तर तो अदबीने विचारतो, खासगीपणासाठी पानं इंग्रजीत मागवू का? प्रश्न अगदी रास्त आहे. तरी दर वेळी तो मला टोचतो. लपायचं असेल तर मोठ्या भाषेच्या पोटात लपा, असा त्याचा अर्थ. त्यावर मला उपाय सुचलेला नाही. अधिक मराठी माणसांनी ब्राउझर मराठीत वापरला तर ओसरीची गर्दी वाढेल, हा एकच मार्ग दिसतो, आणि तो माझ्या एकट्याच्या हातात नाही.

निनावीपण हे एकट्याने मिळवायचं कौशल्य नाहीच, हे टॉरच्या जन्मकथेत जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठेच दिसत नाही. कल्पना निघाली अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत, 1990 च्या दशकाच्या मध्यावर. पॉल सायव्हर्सन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी तिला ‘अनियन राउटिंग’ म्हटलं, कारण संदेशावर कांद्यासारखे सांकेतिक पापुद्रे चढवायचे आणि वाटेतल्या प्रत्येक यंत्राने एकच पापुद्रा सोलायचा. आजच्या टॉरमध्ये अशी तीन यंत्रं असतात. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, कुठे निघालात ते नाही. शेवटच्याला कुठे ते कळतं, कोण ते नाही. मधल्याला दोन्हीही नाही. व्हीपीएनमध्ये एकाच माणसावर सगळा विश्वास टाकावा लागतो. इथे तिघांपैकी कुणावरच पुरता टाकावा लागत नाही.

आता खोच बघा. समजा, ही यंत्रणा नौदलाने फक्त आपल्या माणसांसाठी राखून ठेवली असती. मग तिच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जोडणीवर अदृश्य शिक्काच असता: हा नौदलाचा माणूस. कोणता ते कळलं नसतं, पण शत्रूला तेवढंही पुष्कळ. हेरांना लपायचं असेल तर त्यांच्या भोवती हेर नसलेली माणसं हवीत. विद्यार्थी, वार्ताहर, आजाराची माहिती शोधणारे, रिकामटेकडे, आणि हो, चोरसुद्धा. म्हणून ती वस्तू सर्वांना देऊन टाकणं ही तिच्या कामाचीच अट होती. 2002 मध्ये रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्या साथीने टॉर उभं राहिलं, त्याचा कोड खुल्या परवान्याखाली आला, 2006 मध्ये ते सांभाळणारी ना-नफा संस्था स्थापन झाली. सैन्याने आपली ढाल शत्रूसकट सर्वांना वाटावी आणि त्यातच तिचं बळ असावं, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

टॉरचा ब्राउझर म्हणूनच मुद्दाम कंटाळवाणा आहे. तो सगळ्यांना एकच आवृत्ती सांगतो, सगळ्यांची वेळ एकाच पट्ट्यातली दाखवतो. खिडकी ओढून मोठी केली तर 2019 पासून तो पानाभोवती करड्या रिकाम्या पट्ट्या ठेवतो, कारण तुमच्या पडद्याचा नेमका आकार बाहेर जाऊ नये. गोल आकड्यांतला एखादाच आकार सर्वांनी वापरावा. त्याला सजवायला गेलात, दोन-चार आवडती एक्स्टेन्शनं, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, बसवलीत, की सगळं मुसळ केरात. अ‍ॅपलने सफारीत काहीसा असाच रस्ता घेतला; तुम्ही बसवलेले फाँट संकेतस्थळांना दाखवायचेच नाहीत, सर्वांचे सारखेच दिसतील. ब्रेव्ह हा ब्राउझर उलट्या बाजूने जातो. ठशात दर वेळी थोडी गडबड मिसळून देतो, म्हणजे कालचा आणि आजचा ठसा जुळत नाही. दोन्ही चालतं. मला पहिला मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो, पण तो केवळ माझ्या आवडीचा भाग झाला.

गर्दी कमी पडली की काय होतं, त्याचं उदाहरण हार्वर्ड विद्यापीठातलं आहे. डिसेंबर 2013 मध्ये परीक्षा टाळण्यासाठी एका विद्यार्थ्याने बॉम्ब ठेवल्याचा खोटा ईमेल पाठवला. टॉर वापरलं, वर तात्पुरता ईमेल पत्ता वापरला. टॉरने आपलं काम चोख केलं; कुणी ते फोडलं नाही. पण तो विद्यापीठाच्याच वायफायवर होता, आणि त्या वेळी त्या नेटवर्कवरून टॉरला कोण जोडलं गेलं होतं, एवढंच बघितल्यावर तपास करणारे त्याच्या दारात पोहोचले. विचारल्यावर त्याने कबुली दिली. जगभरातले लाखो लोक टॉर वापरत होते, पण त्याला गरज होती ती त्या आवारात, त्या सकाळी ते वापरणाऱ्यांची.

शेवटच्या यंत्राची गोष्टही सांगायला हवी. 2007 मध्ये स्वीडनमधल्या एका सुरक्षा-सल्लागाराने टॉरची पाच शेवटची यंत्रं स्वतः चालवली आणि त्यांतून जाणारा मजकूर नुसता बघितला. अनेक देशांच्या वकिलातींचे ईमेल पासवर्ड उघडे वाहत होते. टॉरमधून गेलं म्हणजे सगळं झाकलं, अशी त्या वापरणाऱ्यांची समजूत असणार. टॉर झाकतं ते तुमचं येण्याचं ठिकाण. पाकीट बंद करणं हे वेगळं काम आहे. आणि दोन्ही टोकांवर एकाच वेळी नजर ठेवू शकणारा कुणी असेल, तर इकडे कधी गेलं आणि तिकडे कधी निघालं यांची वेळ जुळवून तो ओळखू शकतो. रचनाकारांनी ही मर्यादा सुरुवातीपासून लिहून ठेवली आहे. ज्या वस्तूचे बनवणारे तिच्या उणिवा आधी सांगतात, तिच्यावर माझा जरा जास्त भरवसा बसतो.

तरी बहुतेक वेळा यंत्र फुटत नाही, माणूस फुटतो. सिल्क रोड हा अमली पदार्थांचा बाजार टॉरच्या आडून चालवणारा रॉस उल्ब्रिक्ट ऑक्टोबर 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात पकडला गेला. त्याच्यापर्यंत पोहोचणारा एक धागा करखात्याच्या तपासनिसाने साध्या गूगल शोधातून काढला होता. 2011 च्या सुरुवातीला ‘अल्टॉइड’ या नावाने कुणीतरी त्या बाजाराची जाहिरात केली होती. त्याच वर्षी त्याच नावाने दुसरीकडे संगणकाचा जाणकार हवा म्हणून विचारणा झाली, आणि तिच्याखाली जो ईमेल पत्ता दिला होता त्यात पूर्ण नाव होतं. पापुद्रे सगळे शाबूत. टोपणनाव तेवढं दोनदा वापरलं गेलं.

टोपणनाव आणि निनावीपण यांत आपण फार गफलत करतो, कदाचित आपल्याकडे टोपणनावांची परंपरा इतकी मोठी असल्यामुळे. केशवसुत किंवा कुसुमाग्रज कोण, हे पोरासोरांना ठाऊक. तिथे नाव लपवण्यासाठी नव्हतंच. टोपणनाव आपल्याभोवती माहिती साठवत जातं. आज एका चर्चेत नोकरीबद्दल, सहा महिन्यांनी पाठदुखीबद्दल, मग कधी मुलाच्या शाळेबद्दल लिहिलं की 33 प्रश्नांतले एकेक सुटत जातात. खरं नाव कुठेच लागत नाही.

आणि नाव पूर्ण काढून टाकलं तरी भाषा उरते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने 1787-88 मध्ये ‘पब्लियस’ या नावाने छापल्या गेलेल्या लेखांपैकी 12 लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद पुढे बराच काळ चालला. 1964 मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी विषय, विचार, अलंकार सगळं बाजूला ठेवलं आणि अगदी किरकोळ शब्द कोण किती वेळा वापरतो ते मोजलं. कौल मॅडिसनच्या बाजूने पडला. आपल्याकडच्या जाणकारांना याचं नवल वाटू नये. शेवटी ‘तुका म्हणे’ आलं म्हणून प्रत्येक अभंग तुकोबांचा ठरत नाही. भाषेच्या ठेवणीवरून प्रक्षिप्त रचना बाजूला काढणारे अभ्यासक संगणकाच्या आधीपासून आहेत. निनावी मराठी मजकुरात कुणी ‘करून राहिलो’ लिहितो, कुणी अनुस्वार देतो, कुणी गाळतो, कुणी प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीन टिंबं ठेवतो. या सवयींवर कुठलंही सॉफ्टवेअर पांघरूण घालत नाही. त्यातही जो माणूस भाषा जपून, आपल्या ढंगात लिहितो तो सर्वांत आधी ओळखू येणार. चांगलं लिहावं की निनावी राहावं, हा पेच लेखकांसाठी अगदीच काल्पनिक नाही.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडलंय. त्यांना मी 2006 चा ऑगस्ट सांगतो. एओएल या इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे 6,50,000 वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले शोध जाहीर केले. नावं काढून जागी क्रमांक टाकले होते. काही दिवसांतच वार्ताहरांनी एका क्रमांकाचे शोध नुसते वाचत जाऊन ती व्यक्ती शोधून काढली आणि तिला भेटले. एक वयस्कर बाई होत्या. त्यांच्या शोधांत गुन्हा नव्हता. दुखणी होती, एकटेपण होतं, आपल्या आडनावाच्या माणसांची चौकशी होती, ओळखीच्या लोकांची काळजी होती. शोधाच्या चौकटीत माणूस काय टाइप करतो? जे डॉक्टरला विचारायला संकोच वाटतो, नवऱ्याला किंवा बायकोला सांगवत नाही, रात्री झोप उडवतं, ते. त्यातलं बहुतेक लपवण्यासारखं नसतं. तरी ते नावानिशी चव्हाट्यावर यावं असं मला वाटत नाही, आणि या मताला पुरावा जोडायची गरजही वाटत नाही.

माझी स्वतःची व्यवस्था फारशी शूर नाही. बँक, ईमेल, नावानिशी करायची कामं एका ब्राउझरमध्ये; वाचन आणि भटकंती दुसऱ्यात, तिथे लॉगिन कशातच नाही. त्या दुसऱ्यात जाहिराती आणि माग काढणारे सर्व्हर अडवणारं एकच एक्स्टेन्शन, यूब्लॉक ओरिजिन. दहा-बारा एक्स्टेन्शनं मिरवणारे ब्राउझर बघितले की मला बिल्ले लावून फिरणारी माणसं आठवतात. जाहिरातवाल्यासमोर एवढं पुरतं. सरकारसमोर अर्थातच पुरणार नाही, पण माझ्यात सरकारला तेवढा रस असल्याचं चिन्ह नाही. ज्यांच्यात असतो, त्या वार्ताहरांना आणि आतली बातमी बाहेर काढणाऱ्यांना असल्या लेखापेक्षा नीट प्रशिक्षण लागतं, आणि ते देणाऱ्या संस्था आहेत.

टॉर मात्र मी अधूनमधून उघडतो, तेही अगदी फुटकळ कामांसाठी. एखाद्या शब्दाचं शुद्धलेखन, एखाद्या ग्रहणाची तारीख, जुन्या क्रिकेट सामन्याचा धावफलक. नौदलाचा हिशोब खरा असेल तर त्या जाळ्याला अशा निरर्थक शोधांची फार गरज आहे. ज्याला खरोखर लपायचंय त्याच्या आजूबाजूला धावफलक बघणारे असायला हवेत. त्याच गर्दीत सिल्क रोडचं गिऱ्हाईकही लपलेलं असतं, हे मला कळतं. गाळणी लावता आली असती तर बरं झालं असतं, पण वार्ताहराला आत घेणारी आणि चोराला बाहेर ठेवणारी गाळणी बनली की ती चालवणाऱ्याला आत कोण कोण आहे ते कळणारच. पानं रखडत उघडतात. काही संकेतस्थळं दारातूनच हाकलतात, काही आधी सिद्ध करायला लावतात की मी माणूस आहे: या चौकोनांतले सिग्नल निवडा, आता सायकली निवडा, पुन्हा एकदा सिग्नल. मी निवडतो. नाव कुणी विचारत नाही, आणि तेवढ्यात धावफलक उघडतो.